माझ्या दहाव्याला माईक नको

मी, सर्जेराव कोंडिबा पोटघन, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार निंबाचीवाडी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. ज्यांना तरीही शंका असेल त्यांनी आधी स्वतःचा दाखला आणावा. माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. मनधरणी मात्र रोज चालू आहे आणि तिला वैतागूनच मी लिहायला बसलो आहे.

१. राहते घर व त्यामागील उसाची जमीन मुलगा सत्यजीत यास मिळावी. जमीन वाडवडिलांची आहे, तिथे माझी मर्जी तशीही फारशी चालत नाही.

२. माझी पत्नी कै. मुक्ताबाई हिचे सर्व दागिने मुलगी सविता हिला द्यावेत. ती दौंडला सासरी सुखी आहे आणि आजवर तिने माझ्याकडे काही मागितलेले नाही. न मागणाऱ्याला या घरात कधी काही मिळाले नाही, निदान शेवटी तरी मिळावे.

३. वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपल्यावर मी वाजवत असे ती पितळी घंटा गावच्या दशक्रिया घाटाला देणगी द्यावी. कारण पुढे येईलच.

४. सणसवाडी येथील माझ्या स्वकमाईच्या चार खोल्या, त्यांच्या भाड्यासह, सून सौ. साधना सत्यजीत पोटघन हिच्या एकटीच्या नावावर व्हाव्यात. भाडेकरू ठेवणे, काढणे, विकणे, सर्व अधिकार तिचे. नवऱ्याने सही मागितली तर तिने ती देऊ नये.

हे का, ते लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याने मुलाला डावलले.

तालुक्यातल्या वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण मी आणि माझे मित्र ज्ञानदेव ओव्हाळ गुरुजी यांनी वर्षानुवर्षे केले. उच्चार, हावभाव, आशय आणि परिणाम, असे गुण असत. मुलांचे ठीक होते. पण आमच्याकडे पुढाऱ्यांची खरी स्पर्धा दहाव्याला भरते. लग्नाला एकवेळ नेता येणार नाही, दहाव्याला येतोच, कारण गर्दी आयती असते आणि उठून कोणी जात नाही. ऐकून लोक म्हणतात, ‘लय भारी बोलला.’ काय बोलला असे विचारले की चहाचा कप तोंडाला लावतात.

मुक्ता गेली तेव्हा घाटावर हाच प्रकार झाला. एकाने तिला आदर्श माता म्हटले, दुसऱ्याने थोर समाजसेविका. तिसऱ्याने कागदावरचे माझे नाव वाचून मलाच श्रद्धांजली वाहिली. मी समोर बसलो होतो. हात वर केला, तर त्याला वाटले मी नमस्कार करतो आहे, त्याने वरून उलटा नमस्कार केला.

शेवटी पिंड ठेवले, पण कावळा काही शिवेना. शिवेल कसा? घाटावर झाड एकच, बाभळीचे, आणि कर्णा त्यालाच बांधलेला. तेवढ्यात आमच्या भागाचे नेते जयसिंगअण्णा यांनी पुन्हा माईक घेतला आणि पिंडाकडे हात करून गरजले, “मुक्तामावशी, सत्यजीतची काळजी लागलीया ना तुम्हाला? आजपासून ह्यो पोरगा माझा! त्याला पंचायत समितीत बसवल्याबिगर मी डोक्याला फेटा बांधणार न्हाई!”

भाषण संपले. माईकवाल्याने वायरी गुंडाळण्यासाठी मशीन बंद केले. कर्णा गप्प झाला आणि कावळा खाली उतरला.

झाले! कावळ्याला पटवणारा वक्ता म्हणून अण्णांचे नाव दौंडपर्यंत गेले. मी घसा फोडून सांगितले, अरे बाबांनो, कर्णा बंद झाला म्हणून पाखरू आले. मला उत्तर मिळाले, “कावळ्याला पटलं, आन् मास्तरला पटंना व्हय?” सर्वांत जास्त पटले ते सत्यजीतला. आईची शेवटची इच्छा म्हणून त्याने कंपनीतली कायम नोकरी सोडली आणि अण्णांच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला. निवडणूक लागेना, तोवर तो तिथेच बसून भाषणे शिकला. आता निवडणूक लागली आहे आणि त्याला खर्चासाठी खोल्या विकायच्या आहेत.

त्या खोल्यांच्या भाड्यावर हे घर चालते. बिहारच्या भाडेकरूंशी मोडक्या हिंदीत भांडून भाडे आणते ती साधना. नात प्राचीची फी तीच भरते. ती मला एकदाच म्हणाली, “आबा, माझ्या नावावर करा असं मी म्हणणार न्हाई. पण इकू देऊ नका.” इतके परिणामकारक भाषण मी घाटावर एकही ऐकले नाही.

५. माझ्या दहाव्याला माईक, कर्णा, सूत्रसंचालक यांपैकी काहीही नको. कोणी बोलू लागल्यास कलम तीनमधील घंटा वाजवावी. कावळा न शिवल्यास माझ्या नावाने कोणीही कसलाही शब्द देऊ नये. दर्भाचा कावळा करून शिववावा आणि जेवायला जावे.

६. हे कलम आज सकाळी वाढवले आहे.

काल दुपारी ओव्हाळ गुरुजी बसले असताना सत्यजीत खोल्यांचा विषय घेऊन आला. मी वैतागून म्हणालो, “मी मेल्यावर बोलशीलच, तर आत्ताच बोल. निदान गुण तरी देता येतील.” तो खरोखर उभा राहिला. “काळाने घाला घातला,” इथपासून सुरुवात. सगळे अण्णांचे उष्टे. मी म्हणालो, “पुरे.”

तो थांबला. मग माझ्या पायाशी बसला आणि अगदी हळू म्हणाला, “आबा, आई गेली तवा घाटावर समदी बोलत हुती, आन् तुम्ही येकटंच बसला हुता. मी तुमच्याकडं बघितलं बी न्हाई. मला माफ करा.” त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. इतकी वर्षे मी याच वाक्याची वाट पाहत होतो. मी हा कागद ओढला आणि कलम चारमधील नावावर रेघ मारली.

डोळे पुसत त्याने विचारले, “मग खोल्यांचं कधी करायचं, आबा? फॉर्म बुधवारी भरायचाय.”

तो गेल्यावर मी ओव्हाळ गुरुजींना विचारले, “खरं होतं का हो ते?” ते म्हणाले, “खरं असंल बी, सर्जेराव. परिणामाचं विचारशील तर पैकीच्या पैकी.”

जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांची भाषणे तपासली. माझा पोरगा काल मनापासून रडला की नाही, हे मला कळले नाही. रात्रभर विचार करूनही कळले नाही.

म्हणून कलम चार कायम. साधनाच्या नावावर दिसणारी रेघ माझ्याच हातची आहे. तिच्यावर तेच नाव पुन्हा लिहून बाजूला सही केली आहे.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर बदल करण्याइतका मी पुन्हा विरघळलो, तर तो बदल साधनासमोर वाचून दाखवल्याशिवाय खरा धरू नये.

लिहून देणार: सर्जेराव कोंडिबा पोटघन (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली:
१. ज्ञानदेव ओव्हाळ, निवृत्त शिक्षक, दौंड (सही)
२. सोपानराव गव्हाणे, शेजारी, निंबाचीवाडी (सही)

ठिकाण: शिरूर
दिनांक: १८ जानेवारी २०२६