धनेशनं न घेतलेली शपथ

कासा,
६ मे २०२५

चि. सौ. दक्षास,
तुझ्या सासूचे अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. माझा फोन तू उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र तुझ्या माहेरी, तलासरीला जाणाऱ्या जीपवाल्याकडं देतेय. तुझी काळी शेळी व्याली, दोन करडं आहेत. माझ्या नातीला, शितलला सांग, तिच्याशिवाय नावं ठेवणार नाही.

काल धनेशला मोठ्या दवाखान्यात नेलं. चार महिने पोट बिघडलेलं, शौचाला रक्त, हे तुला ठाऊक आहेच. दारूनं पोट गेलं असं तू म्हणालीस, गावानंही तीच री ओढली. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. औषध कितीतरी वर्षं घ्यावं लागेल.

मग त्यांनी विचारलं, "दारू पितो का?"

"नाय हो, थेंबबी नाय," मी ठासून सांगितलं. धनेश जमिनीकडं बघत राहिला. त्याला तसं बघून मला खोटं रेटवेना. मी म्हटलं, "पितो. मीच देते."

दक्षा, आमच्याकडं पोटाला मोहाची दारू देतात. माझ्या बापाचं पोट तिनंच बसायचं. तुला दारूचा तिटकारा, म्हणून सकाळी तू पाण्याला गेलीस की अर्धा कप द्यायचे. तो नको म्हणायचा. "औषद हाय, पी मुकाट," मी म्हणायचे. रक्त वाढलं तशी मी कप भरून द्यायला लागले.

डॉक्टर म्हणाले, "दुखणं दारूनंच झालं असं मी म्हणणार नाही. पण जखमेवर तुम्ही रोज ती ओतत होतात." कालपासून मला धड काही सुचत नाही.

तुला त्याच्या तोंडाचा वास आला. विवळवेढ्याला महालक्ष्मीसमोर तू म्हणालीस, पीत नाहीस तर शपथ घे. त्यानं घेतली नाही. देवीपुढं खोटं बोलवेना आणि आईचं नाव सांगवेना. मी तिथंच नारळ घेऊन उभी होते. मला सगळं कळत होतं. तू शितलला उचलून निघालीस, तरी मी तोंड उघडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर नारळ फोडून घरी आला.

रविवारी मी विवळवेढ्याला येते. धनेशला सांगितलेलं नाही, तो अजून गप्पच राहा म्हणतो. तू आईवडलांना घेऊन ये. त्याची राहिलेली शपथ मी घेईन, सगळ्यांदेखत. नंतर घरी यायचं की नाही ते तू ठरव. मला काय म्हणायचं ते म्हण, त्याला दारुडा म्हणू नकोस.

त्याला पाजणारी,
रखमी