बारा सेकंद

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय दादा,

सकाळी नऊला ऑफिसात गेले. साहेबांनी एका कागदावर सही मागितली, मी दिली नाही. चारला घरी आले.

संकटात सापडलेले लोक जो नंबर फिरवतात, ते फोन आमच्या कंपनीच्या यंत्रणेतून पुढे जातात, हे तुला माहीत आहेच. पलीकडून बारा सेकंद कुणी बोललं नाही, तर फोन चुकून लागला असं धरून तो आपोआप बंद होतो. हा नियम योग्य आहे, एका घटनेसाठी बदलायची गरज नाही, असं त्या कागदावर होतं. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, नियम तुमचाच. पोटच्या पोरालाच नावं ठेवता?"

नियम माझाच, खरं आहे. चार वर्षांपूर्वी रोज शेकडो फोन खिशातून नाहीतर पर्समधून लागायचे आणि खरे अडकलेले लोक ताटकळायचे. नियम आला आणि रांग निम्म्यावर आली. त्याच महिन्यात फोन लगेच उचलला गेला म्हणून तळ्यात पडलेली एक मुलगी वाचली. तिची आई ऑफिसात आली, माझे हात धरून नुसती उभी राहिली. घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "बढतीपेक्षा हे बरं." या नोकरीने मला तेवढं दिलं, ते मी नाकारणार नाही. पण आमच्याकडे वाचलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लागतो आणि हुकलेल्याला फक्त क्रमांक मिळतो.

तू म्हणतोस, सोड ती नोकरी, झोप तरी लागेल. नाही सोडणार. माझ्या जागी येईल तो पहिल्या दिवशी सही करून मोकळा होईल. बंद झालेल्या प्रत्येक मुक्या फोनला माणसाने उलट फोन केलाच पाहिजे, असं मी आज लेखी दिलंय, वरच्या खात्यालाही प्रत पाठवलीय. काढायचं तर काढा म्हटलं. साहेबांचा चहा तसाच राहिला.

दादा, ती एक घटना म्हणजे आपले अण्णा. झोपेत गेले असं डॉक्टर म्हणाले, तू त्यावर विसावलास आणि मीही तुला विसावू दिलं. दहाव्या दिवशी त्यांचा मोबाइल बंद करायला घेतला, तेव्हा शेवटचा नंबर आमचा दिसला. ते गेले त्याच सकाळी, सहा वाजून दहा मिनिटं. मी तेव्हा पहाटपाळीला ऑफिसातच होते. ती नोंद मी ऐकली. नुसता श्वास आहे. बोलायच्या आधी घसा साफ करायची त्यांची सवय तुला आठवते ना, तो आवाज सुरू होतो आणि फोन बंद होतो. सोमवारी ऑफिसात या घटनेची चौकशी आहे, तिथे हे सगळ्यांसमोर वाजवतील. परक्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. माझ्यावर हवं तेवढं रागव, पण गप्प बस म्हणू नकोस. कपडे वाळलेत. आत आणून घड्या घालते.

तुझीच,
धाकटी