मिर्रा गप्प झाली तेव्हा

प्रिय सिग्ने,

तुझ्या बाईंनी वर्गात प्रत्येकाला एकेका प्राण्याची माहिती आणायला सांगितली आहे आणि तू आपल्या मिर्राचं नाव दिलंस, असं तुझ्या आईने, मालिनने, कळवलं. "आई, चार-पाच ओळी लिहून पाठव, मुलांना कळेल अशा," इतकाच मालिनचा निरोप होता. तू स्वतः मला का नाही विचारलंस ते मला ठाऊक आहे, पण त्याच्यावर नंतर येते. आत्ता मी जंगलात आहे, लाकडाच्या जुन्या वखारीपाशी गाडी लावून बसले आहे. सकाळचे सव्वाअकरा झालेत. कागद शिकारीच्या वहीतले आहेत, म्हणून कडेला चिखलाचे डाग दिसतील. अंगात नुसता स्वेटर आहे, कारण माझा कोट बाहेर शेवाळावर पसरलेला आहे.  खरं असं आहे की मिर्रा हरवली आहे आणि नुसतं बसून राहिले तर मला वेड लागेल, म्हणून तुझी माहिती लिहायला घेतली.

तर लिही. आपल्या कुत्रीची जात स्मोलंडस्टोवारे. नाव फळ्यावर लिहायला जड आहे, बाईंनाच लिहायला सांग. आपल्या स्मोलंडच्या दाट जंगलातली ही जात, फार जुनी, आणि स्वीडनच्या माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांमध्ये अंगाने सगळ्यांत लहान. रंग काळा, आणि डोळ्यांवर, तोंडावर, पायांवर तांबूस. डोळ्यांवरचे ते दोन ठिपके बघून तू लहानपणी म्हणायचीस की मिर्राला चार डोळे आहेत. पुष्कळांची शेपूट जन्मतःच आखूड असते, कुणी कापलेली नसते. हे मुलांना नक्की सांग, कारण वर्गातला एखादा शहाणा हात वर करणारच. ही कुत्री आता थोडी उरली आहेत. साऱ्या देशात वर्षाला जेवढी पिल्लं होतात ती तुमच्या शाळेच्या जेवणघरात सहज मावतील. म्हणून मिर्रा गेली तर माझीच जाईल असं नाही, थोड्यांतली एक जाईल.

गेली असं मी लिहिलं का? खोडत नाही, पण तू तसं वाचू नकोस.

सकाळी आठला तिला सोडलं. नेहमी तूरे बरोबर असतो. तुला आठवतोय ना, शेजारचा, खिशात कायम ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या गोळ्या ठेवणारा? आज त्याची कंबर धरली. काल म्हणाला, "इंगेगर्ड, एकटी जाऊ नकोस गं, दोन दिवस थांब, ससे काही पळून जात नाहीत." मी म्हटलं, "अरे, पळण्याशिवाय दुसरं येतं काय त्यांना?" आणि आले तोऱ्यात. मिर्राने वीस मिनिटांत ससा उठवला. भुंकली, आणि निघाली.

ही कुत्री काम कशी करतात, ते तुझ्या माहितीतलं सगळ्यांत मजेचं. मिर्रा सशाला पकडत नाही, तेवढा वेग तिला नाही. ती फक्त वासावरून त्याच्यामागे जाते आणि सारखी भुंकत राहते. ससा मोठा फेरा मारून पुन्हा उठला त्याच जागी येतो, म्हणून शिकाऱ्याने धावायचं नाही, त्या जागी गप्प उभं राहायचं आणि ऐकायचं. सगळा खेळ कानांचा. आवाज डावीकडून उजवीकडे सरकतो, टेकडीमागे गेला की दबतो, तळ्यावर आला की मोकळा होतो. मध्ये ससा आपल्याच पावलांवरून मागे फिरतो आणि कडेला लांब उडी मारतो, तेव्हा माग तुटतो आणि कुत्री गप्प होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग नाक पुन्हा लागलं की पुन्हा गळा सुटतो. तुझ्या आजीची या भागात ख्याती होती, सिग्ने. कुणाचं कुत्रं आहे, ससा आहे की कोल्हा, माग ताजा आहे की शिळा, हे मी नुसतं ऐकून सांगायची. लोक माझ्यावर पैज लावायचे.

आज ती साडेआठला गप्प झाली. मला वाटलं, माग तुटला. नऊ झाले, साडेनऊ झाले. मी शिट्टी मारली, शिंग फुंकलं, हाका मारल्या. काही नाही. नुसतं पांढरं, थंड, नोव्हेंबरचं जंगल. 

भीती कशाची ते तुझी आई तुला सांगणार नाही, मी सांगते. लांडग्यांची. सप्टेंबरात शेजारच्या गावात एकाचं कुत्रं असंच भुंकता भुंकता मध्येच थांबलं. माग काढणारं कुत्रं एकटं असतं, आणि आपण कुठे आहोत ते साऱ्या जंगलाला ओरडून सांगत असतं. लांडगा ते ऐकून येतो. मालकाला संध्याकाळी फक्त गळ्यातला पट्टा मिळाला. त्या दिवसापासून मिर्रा जरा थांबली की माझं काळीज थांबतं. मालिनने मला तो कुत्रं कुठे आहे ते फोनवर दाखवणारा पट्टा आणून दिला होता. तो कुठे आहे? स्वयंपाकघरात, खणात, चमच्यांखाली. एकदाही चार्ज केलेला नाही. मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मला कान आहेत, मला खेळणी नकोत." आज त्या खणाची आठवण येते आहे आणि स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटत आहेत.

कोटाचं सांगायचं राहिलं. कुत्रं परतलं नाही की जिथे सोडलं तिथेच आपला अंगातला कोट काढून ठेवायचा, ही आमची रीत आहे. आपण घरी गेलो तरी कुत्रं वासावरून तिथे येतं आणि कोटावर पडून राहतं. माझ्या वडिलांचं कुत्रं दीड दिवसाने तसं मिळालं होतं. मुलांना हे आवडेल. पण मी घरी जाणार नाही. गाडीचं दार उघडं ठेवून बसले आहे, ऐकू यावं म्हणून. कॉफीचा थर्मास अजून उघडलेला नाही. कडक पाव आणि त्याला लावायचं लिव्हरचं सारण आणलं होतं, त्यातलं अर्धं मिर्राचं असतं. ते तसंच ठेवलं आहे.

जुलैपासून तू आली नाहीस. खोलीतली तुझी चादर मी दोनदा धुतली, कुणी झोपलेलं नसताना. मालिन म्हणते, पोहण्याचे वर्ग असतात, मैत्रिणी असतात. मी हो म्हणते.

पावणेबारा. तूरेची गाडी येते आहे, थांब.

*

आता घरी, स्वयंपाकघरात लिहिते आहे. मिर्रा आहे. आधी तेच लिहिते, कारण तू तिथवर श्वास रोखून आली असशील. चुलीसमोर पसरली आहे, पुढच्या उजव्या पंजाला बर्फाने जरा कापलं आहे, मी मलम लावलं तर तिने ते चाटून टाकलं. लांडगा नव्हता. घाबरू नकोस. घाबरायचं ते मी घाबरते आहे, आणि ते का, हे लिहायला मला तासभर लागला. मधल्या वेळात भांडी घासली, खण उघडून तो पट्टा चार्जिंगला लावला, फरशीसुद्धा पुसली.

तूरे गाडीतून कंबर धरून उतरला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "काय गं बाई, बंदूक विसरलीस का? ससा तीनदा तुझ्या पुढ्यातून गेला असेल, एक गोळी नाही! मी अंगणात उभा राहून ऐकतोय, म्हटलं हिला चक्कर-बिक्कर आली की काय." मी म्हटलं, "तूरे, मिर्रा गेली रे. साडेआठपासून आवाज नाही."  तो हसला, मी थट्टाच करतेय असं वाटलं त्याला. "आवाज नाही? अगं, बोंबलतेय ती! माझ्याकडे रेडिओ चालू होता तरी घरात ऐकू येत होतं. हे बघ, आत्ता तळ्याकडून येतेय." आणि त्याने मान तळ्याकडे वळवली. मीही वळवली.

हे मान वळवणं मला चांगलं जमतं. दोन वर्षं मी तेच करते आहे. तूरेचा चेहरा जिकडे वळेल तिकडे माझा वळवायचा, तो म्हणाला "चढली टेकडी" की मी म्हणायचं "हो, चढली". इतकी सराईत झाले की मलाच खरं वाटायला लागलं. रानातले बारीक पक्षी आधी गेले. मी गावभर सांगत सुटले की यंदा पक्षी कमी झालेत, फवारण्यांनी मेले असणार. तूरे म्हणायचा, "असतील गं," आणि खाली बघायचा. आज विचार केला, तर तो तेव्हापासून ओळखून असावा.

मग समोरच्या रस्त्यावरून ससा गेला. आणि त्याच्या मागे साधारण दोन मिनिटांनी मिर्रा दिसली, झाडांमधून, नाक खाली, शेपटीचा तुकडा हलवत. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. उघडत होतं, मिटत होतं. आणि आवाज नव्हता. सिग्ने, मी एवढी कधीच घाबरले नव्हते. तुझे आजोबा गेले तेव्हाही नाही. ती माझ्यापासून वीस पावलांवर आली तेव्हा कुठे एक बारीक, फाटका आवाज माझ्यापर्यंत पोचला. तूरेच्या गाडीचा घरघराट मला मघाशी लांबून ऐकू आला होता, जाड आवाज अजून येतात. बारीक, उंच आवाज गेलेत. मिर्राचा आवाज बारीक आहे.

आणि तेव्हा मी काय केलं असेल? मी तूरेला म्हणाले, "सकाळपासून मुकीच होती ती. आत्ताच तोंड उघडलंय. नाही तर मला ऐकू आलं नसतं का?" कुत्रीवर ढकललं. चार तास जीव तोडून धावलेल्या, सतत मला सांगत राहिलेल्या त्या मुक्या जनावरावर.  वाकून, कण्हत, तूरेने माझा कोट उचलला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "इंगेगर्ड, तिचा काही दोष नाही गं." एवढंच. मी गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडले.

कारण मिर्रावर मी जे ढकललं, तेच वाक्य मी आधी एकदा बोलले होते, आणि ते तुला. जुलैत आपण ब्लूबेरी वेचायला गेलो होतो, आणि तू दलदलीत कमरेपर्यंत रुतलीस. मी चाळीस पावलांवर होते, पाठमोरी, बादली भरत. तू कशीबशी एका मुळाला धरून स्वतःच बाहेर आलीस, एक बूट आत राहिला, चिखलाने माखून रडत माझ्यासमोर उभी राहिलीस, आणि मी तुलाच रागावले. हाक का नाही मारलीस, म्हणाले. तू म्हणालीस, चारदा मारली. मी म्हणाले, "खोटं बोलू नकोस, मारली असतीस तर मला ऐकू आलं नसतं का?" मग मालिनलाही तेच सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही, आणि तुला फोनवर माझी माफी मागायला लावली. मी ती घेतलीही. "असू दे बाळा, पुन्हा असं करू नकोस," असं मी म्हणाले. मला तेव्हाच माझ्या कानांचा संशय आला होता, सिग्ने. पण मी घाबरले. कळलं तर मालिन मिर्राला घेऊन जाईल, बंदूक जमा करायला लावेल, आणि मुख्य म्हणजे तुला माझ्याकडे एकटीला पुन्हा कधी सोडणार नाही. ते टाळायला मी तुला खोटारडी ठरवलं, आणि तशीही तू आली नाहीसच. ही माहिती मी फोनवरही सांगू शकले असते, पण फोनवर तुझा आवाज मला नीट येत नाही, मी अंदाजाने हो-हो करते, आणि हे अंदाजाने बोलायचं नव्हतं. तू चारदा हाक मारलीस. तू खरं बोललीस, आणि मी, सत्तरी उलटलेली बाई, खोटं बोलले. तुझी माफी मी परत करते आणि माझी मागते. हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव, हा शेवटचा भागसुद्धा. ती काय म्हणेल याची मला फार भीती वाटते आहे, तरी दाखव.

तुझीच,
इंगेगर्ड आजी