ओलीची चार अक्षरं

३ जून
आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी घरमालकाने मला किल्ली दिली आणि त्याच मिनिटाला फसवलं. घर कोरडं ठणठणीत आहे, असं तो फोनवर म्हणाला होता. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात पाणी जमा झालं होतं आणि भिंतीला पोपडे सुटले होते. हा गृहस्थ म्हणतो, घराला उन्हाळ्यात घाम येतो. मी म्हटलं, घाम येणाऱ्याने पंचा घ्यावा, भाडं घेऊ नये. त्याला आजच लेखी तक्रार दिली.

एवढं सोडलं तर मी खुशीत आहे. मुलगा बोटीवर, सून दिवसभर कामावर. नातीकडे बघायला मला बोलावलं. आम्ही तिला चिमणी म्हणतो. लहानपणी तिला दमा झाला होता, आता नुसती धावत असते. खिडकीतून ऊन येतं, माझ्या खुर्चीला जागा आहे आणि सून माझ्या चहाला नावं ठेवत नाही. म्हातारपणी आणखी काय हवं?

शाळेत शब्दांची स्पर्धा आहे. दिलेली एकच अक्षरजोडणी पोटात असलेले लांबलचक इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचार जमवायचे. म्हणजे माझंच राज्य! कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टीने बोटं लाल करून स्पेलिंग शिकवलं आणि त्या जोरावर मी जन्मभर साहेबांची पत्रं टाइप केली. इंग्रजी माझं, सही साहेबांची.

७ जून
चिमणीने मधल्या खोलीच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवला. तिची जोडणी एम, आय, एन, ई. मी ‘एक्झॅमिनर’ सुचवला. तिने नाक मुरडलं. म्हणाली, आजी, हा तर बाळबोध. मग स्वतःच लिहीत सुटली: बायोल्युमिनेसन्स, प्रीडिटर्मिन्ड, डीमिनरलाइझ. अर्थ एकाचाही माहीत नाही, स्पेलिंग मात्र बिनचूक. काल याच पोरीने ‘बिकॉज’चा खून पाडला होता. कुठून शिकलीस विचारलं, तर म्हणे, आतून सांगतात.
मला वाटलं, मनातून.

१० जून
आता वाक्प्रचार. जोडणी दोन शब्दांच्या फटीतून उडी मारते. ‘फ्रॉम इनर्शिया’. ‘काम इन इमर्जन्सी’, म्हणजे संकटातही शांत. पहिल्या शब्दाच्या शेपटीला एम, पुढे ‘इन’, पुढच्याच्या तोंडाशी ई. हे मलाही सुचलं नसतं. चिमणी भिंतीला कान लावून उभी असते आणि लिहिते. ओल लागेल म्हणून मी ओरडले. तिने बोट ओठांवर ठेवून मलाच गप्प केलं.

असल्या जोडण्या लहान मुलांना देतात का, म्हणून तिच्या बाईंना फोन करून फैलावर घेतलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यांनी चिमणीला टी, आय, ओ, एन दिलंय. एम, आय, एन, ई वर्गात कुणालाच दिलेलं नाही.
मी माफी मागितली. मला त्याची सवय नाही.

१२ जून
भिंतीची ओल कागदात उतरली आहे. सगळी शाई फुटून ओघळली. प्रत्येक शब्दात फक्त चारच अक्षरं कोरडी, काळी, ठसठशीत.
एम, आय, एन, ई. वरपासून खालपर्यंत.
माइन.
आयुष्यभर हाच शब्द टाइप केला आणि आज पहिल्यांदा वाचला. माझं. माझं. माझं.

१३ जून
घरमालकाला फोन. तो म्हणाला, ओलीला काय घाबरता, आधीचे भाडेकरूही असेच, त्यांच्या मुलाला दमा झाला म्हणून निघून गेले. मुलाला घेऊन गेले ना, विचारलं. त्याने आधी भाड्याची तारीख सांगितली. मग म्हणाला, आई-बाप दोघंच निघून गेले.

कागद फाडून जाळला. घरात इंग्रजी बंद. सून हसली, म्हणाली, आई, तुम्ही आणि इंग्रजी बंद? मग माझा चेहरा पाहिला आणि हसायची थांबली. दुसरं घर शोधते म्हणाली.

१५ जून
चिमणी नीट जेवली, खेळली. भिंत गप्प.
भिंतीला मराठी येत नाही. सुटलो.

१७ जून
चिमणीला सकाळपासून धाप. ओठ निळसर. सून तिला घेऊन दवाखान्यात. डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी जमा झालंय.

घरी एकटी आहे. पोरीचे कपडे न्यायला आले. मधल्या खोलीत शिट्टीसारखा आवाज. मी तो ओळखते. चिमणीच्या धापेचा आवाज. चिमणी तिथे, आणि तिचा श्वास इथे, भिंतीत —

१८ जून
सिस्टर सांगायच्या, लिहिलेलं परत वाच. ही वही पहिल्यापासून वाचली.
पाणी जमा झालं. दमा झाला. जमा झालंय.
शब्दांच्या फटीवर बोट ठेवलं. ज — माझा — लं. द — माझा — ला.
भिंतीत जो आहे, त्याला मराठी येतं. मीच लिहीत होते. पहिल्या दिवसापासून, माझ्या हाताने.

माझा. ‘माझी’ नाही. नात नकोच आहे त्याला. पुल्लिंगी काहीतरी.
श्वास पुल्लिंगी.

१९ जून
डॉक्टर सुनेला धीर धरा म्हणाले. म्हणजे काय ते मला कळतं.
मी दुसरं काय करणार? जन्मभर जे केलं तेच. पत्र लिहून भिंतीला चिकटवलं —
‘आमच्या नातीचा श्वास आपण बेकायदा अडवून ठेवला आहे. तो त्वरित परत करावा. अडलंच, तर माझा घ्यावा. उद्या दुपारी बारापर्यंत लेखी उत्तर यावं.’
खाली सही. या वेळी माझी.

२० जून
बाराच्या आत उत्तर आलं. पत्र ओलंगच्च, सगळी शाई ओघळली. एकच शब्द कोरडा.
‘माझा’.
तो मीच लिहिला होता. फटसुद्धा न ठेवता.

लगेच सुनेचा फोन. रडत होती, हसत होती. चिमणी उठून बसली. आजी कुठेय विचारते. म्हटलं, येते, एक पत्र राहिलंय —

भिंत गप्प आहे. शिट्टी आता इथे. माझ्या —

पत्र. ‘व्यवहार पुरा. पोरीकडे पुन्हा फिरकणार नाही, असं लेखी द्यावं. आज संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी चालणार —’

हात जड. छातीत काहीतरी जमा झा