कॅलेंडरावरच्या फुल्या

मंगळवार, सांजच्याला. कंधार.

अजून डोकं तापलेलंच हाय. गावाखाली जमीन गुरगुरते, त्याचं कारण समजावायला भूगर्भ खात्याचे साहेब आज शाळेत बैठक घ्यायला आले होते. मी इचारलं, "विहीर भरली की मगच कशी गुरगुरते? पाण्याच्या वजनानं का?"

साहेब हसले. "मावशी, शिकलात किती?"

"चौथी. पण गुरगुरलं की कॅलेंडरावर फुली मारते."

सगळे हसले, माझी सून बी.

घरी येऊन फुल्या नीट बघितल्या. तीन तर दूधवाला आला न्हाई त्या दिवसांच्या निघाल्या. म्हंजे मी चुकले का? तेवढी चुकले. पण चूक माझी मीच काढली, साहेब नुसते हसले.

आता गुरगुरीला फुली न्हाई, गोल. पुढच्या बैठकीला कॅलेंडर काखेत मारूनच जाणार. हसायचं तर बघून हसा.