दोन होड्या, एक वाटी

नवापूर, १९ नोव्हेंबर २०२५

चि. जमनास, दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला ऐकू येत नाय, म्हणून कागद काळा करतो आणि मासळीवाल्या पारूबरोबर धाडतो. कानाचं यंत्र कपाटात ठेवून काय त्याची पूजा करतेस?

बातमी वाईट हाय. रविवारी तुझ्या लेकाने, भावेशने आणि मी जोडहोडीच्या, म्हणजे फळ्यांनी एकमेकींना जोडायच्या दोन्ही होड्यांना काचेचं कापड चढवलं. दोन वर्षं दर सुट्टीला तो सरावलीहून येऊन माझ्याबरोबर लाकूड तासत होता, ते याच दिवसासाठी. लाकडावर कापड अंथरायचं, त्याला रेझिन पाजायचं, सुकलं की पाणी आत शिरत नाय. उजवी होडी टणक झाली. डावीवर टकटक केलं तर पोकळ आवाज. टोक धरून ओढलं आणि कापड सालीसारखं हातात आलं.

डावीच्या वेळी भावेशला शिफ्टची घाई होती. रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी पडला असणार. तो म्हणाला, माप दोन्हीला एकच होतं. मी तापलो. चारचौघांसमोर बोललो, की ज्याला माप समजत नाय त्याला टाक्यांच्या कारखान्यात ठेवतात तरी कसे. त्याने हातमोजे काढून फळीवर ठेवले आणि गेला. आता फोन उचलत नाय. तो येणार नसेल तर मला ही होडी पाण्यात घालायचीच नाय. तू त्याला समजाव.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा, नरहरी


उमरोळी, २३ नोव्हेंबर

ती. दादास, जमनाचा शि. सा. न.

वि. वि. पत्र तीनदा वाचलं. दादा, चूक भावेशची नाय, माझी हाय.

भाऊबीजेला तुझ्या डोक्याला तेल लावलं, तू आंघोळीला गेलास. वाटीत तेल उरलं होतं. वाडीत होडी दिसली आणि आठवलं, बाबा दर दिवाळीला होडीला तेल चोळायचे, घरातलं माणूस म्हणून. मी डावीला बुडापासून काठापर्यंत चोळलं. लाकूड इतकं कोरडं, सगळं पिऊन टाकलं. उजवीकडे वळले तर वाटी रिकामी. म्हटलं, पुढच्या वर्षी. तू हसशील म्हणून बोलले नाय.

रेझिनच्या आधी लाकडाला घामाचा हातसुद्धा लागता कामा नये, नायतर कापड धरत नाय, हे भावेशने जेवताना सांगितलं होतं ते आता आठवतंय; तेव्हा अर्धंच ऐकू आलं. मी नुसती मान हलवली असणार.

त्याला मी अजून काय सांगितलं नाय. चारचौघांत तू बोललास, तर तूच जाऊन सांग. त्याचे वडील गेल्यापासून त्याला मोठं माणूस तूच. माझ्यावर हवा तेवढा रागाव, फक्त माहेर बंद करू नको.

तुझी, जमना


उमरोळी, २ डिसेंबर

ती. दादास नमस्कार.

नऊ दिवस झाले, तुझा कागद नाय. पारू म्हणते, तू होडीकडे पाठ करून बसतोस. सरावली काय समुद्रापलीकडे नाय.

यंत्र कानात घातलंय. कुत्री फार भुंकतात.

जमना


नवापूर, १५ डिसेंबर

चि. जमनास, अनेक आशीर्वाद.

सरावलीला गेलो. वाटेत दोनदा माघारी फिरलो, ते कुणाला सांगू नको. भावेशच्या खोलीच्या पायरीवर शिफ्ट सुटेपर्यंत बसलो. तुझं तेल सांगितलं आणि म्हटलं, तुझं माप बरोबर होतं, मी चुकलो. भाच्याची माफी मागताना जीभ फार जड होते. त्याने कुलूप काढून मला आत घेतलं. मग विचारलं, कापड किती उरलंय.

सात तारखेच्या रविवारी तेल काढायला थिनर आणि चिंध्यांची पिशवी घेऊन आला. डावी घासली, पुसली, परत पुसली, दरवेळी नवी चिंधी. आधी तळहाताएवढं कापड लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी पकडीने ओढलं तर लाकडाचा ढलपा निघाला, कापड सुटलं नाय. मग काल डावीवर सगळं कापड चढवलं. मागच्या वेळी ज्यांच्यासमोर बोललो, त्या चौघांना मीच बोलावलं आणि माप कुणाचं बरोबर होतं ते सांगितलं. भावेश मान खाली घालून रोलर फिरवत होता, पण हसत होता.

तुझ्यावर रागावलो होतो, खोटं नाय बोलत. पण घासताना लाकडातून खोबरेलाचा वास आला, बाबांच्या होडीचा, आणि मला रडू आलं.

भावेश म्हणतो, काच चढल्यावर वरून तेल लावलं तर काय बिघडत नाय. येत्या रविवारी ये. या वेळी वाटी मोठी आण, होड्या दोन हायत.

तुझा दादा