रुईचा चीक

अल ऐन,
रविवार, १७ मार्च २००२

प्रिय काव्या,

बापाचं पत्र बघून घाबरू नकोस. दुसऱ्या बसवरचा आपला मुश्ताक मंगळवारी सुट्टीवर पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय, म्हणजे शुक्रवारी तुझा फोन येण्याआधी तुला मिळेल. अक्षर वेडंवाकडं आलंय ते चालवून घे. उजवा डोळा रजेवर आहे, डावा एकटाच कामावर.

परवाच्या शुक्रवारी तू फोनवर रडलीस. म्हणालीस, कॉलेज सोडून परत येते, सगळं माझ्यामुळेच झालं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख पंचवीस आणि बाईसाहेबांनी तो अजून भरलेला नाही! त्याच्या आदल्या शुक्रवारी तुझी आई तुला बोलली होती ना, तुझ्या फुलपाखरांनी बापाचा डोळा घेतला म्हणून? मी तिथेच सोफ्यावर बसलो होतो. सगळं ऐकलं आणि गप्प बसलो. दोन्ही वेळा.

नववीत होतीस तेव्हा. अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखरांचं ते पुस्तक शाळेच्या लायब्ररीतून आणलंस आणि तुला वेड लागलं. हफीत डोंगराच्या रस्त्यावर मला गाडी थांबवायला लावून रुईची बोंडं तोडलीस. अरबी लोक अशखर म्हणतात त्या झुडपाला, उंटसुद्धा तोंड लावत नाही, आणि माझी लेक ते क्वार्टरच्या अंगणात लावते! मी किती कटकट केली. आईने केली नाही, कारण तिला शनिवारी मारुतीला वाहायला अकरा पानं घरच्या घरी मिळायला लागली. मग त्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या आल्या. मी त्यांना मोनार्क म्हटलं की तू इंग्रजीत झापायचीस, नो बाबा, प्लेन टायगर, मोनार्कची कझिन. असेल बाई. आम्हा ड्रायव्हर लोकांना सगळी नारिंगी फुलपाखरं सारखीच. पण तू पुण्याला गेलीस आणि गंमत बघ, शाळेची बस लावून आलो की चहाच्या आधी मी त्या झाडापाशी. अळ्या मोजायचो, तुझ्या वहीत लिहून ठेवायचो. एकीचं तर मी नावही ठेवलं होतं. ते सांगणार नाही, हसशील.

दोन तारखेला एका फांदीवर पिवळा मावा चढलेला दिसला म्हणून ती कापली. हाताला चीक लागला आणि त्याच हाताने, गाढवासारखा, डोळा चोळला. फार दुखलंसुद्धा नाही. तासाभरात मात्र समोर नुसतं धुकं. तुझ्या आईने माझी मान नळाखाली अशी दाबून धरली की वाटलं, डोळा वाचेल पण मान जाईल. नर्सशी लग्न केल्याची शिक्षा! मग हॉस्पिटल, थेंब, पट्टी. संध्याकाळी ती अंगणात गेली आणि रुई मुळासकट उपटली. तेव्हाही मी दारात उभाच. ती आत गेल्यावर अळ्या वेचून चपलांच्या खोक्यात घेतल्या. सात सापडल्या. रोज क्वार्टरमागच्या माळावरून त्यांना पानं आणतो, चष्मा लावून आणि हातमोजे घालून.

सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, चिकाची सूज पूर्ण उतरली, बुबुळ स्वच्छ आहे. तरी समोरच्या तक्त्यावरची पहिली दोन अक्षरं सोडली तर मला काही दिसेना. तुझी आई ड्यूटीवर होती, मी एकटाच होतो. त्यांनी दुसरे थेंब घातले, डोळ्याच्या आत बघितलं, खूप वेळ बघितलं. म्हणाले, आतल्या पडद्यावर रक्ताचे जुने डाग आहेत, हे साखरेचं काम आहे, डाव्यातही सुरुवात झालीय. कधीपासून दिसत नाही, असं विचारलं. मी म्हटलं, चीक गेल्यापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा तेच विचारलं. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, चिकाला वेळ लागतो म्हणाले. तिने विश्वास ठेवला. तिला वाटतं, ती माझी साखर सांभाळते. तिला कुठे ठाऊक, मी तपासणीच्या आधी चार दिवसच नीट वागतो ते.

आता खरं लिहितो. वर्षभर झालं, काव्या. उजव्या डोळ्यापुढे डाग यायचा आणि मला ते कळत होतं. ऑगस्टमध्ये लायसन्ससाठी डोळे तपासायला गेलो तेव्हा चष्मेवाल्याच्या बाकावर अर्धा तास बसून पुढच्या लोकांनी वाचलेली अक्षरं पाठ केली आणि आत जाऊन घडाघडा म्हणून दाखवली. बाहेर आलो तेव्हा स्वतःवर खूश होतो. जानेवारीत केजीतली सफा बसमधून उतरली आणि पडलेली पाण्याची बाटली उचलायला चाकापुढे वाकली. मला ती दिसलीच नाही. बसमध्ये पोरं सांभाळणाऱ्या आपल्या शहनाझबाई काचेवर हात आपटत ओरडल्या म्हणून ब्रेक दाबला. सगळ्यांना सांगितलं, उन्हाची तिरीप आली. दुसऱ्या दिवशी बत्तीस पोरं घेऊन पुन्हा निघालो. पुढचे दोन महिने रोज निघालो. तो चीक डोळ्यात गेला नसता तर आजही निघालो असतो. माझी लाज वाटते मला. काल रजा संपली. आज सकाळी बसची किल्ली शाळेच्या बसगाड्या बघणाऱ्या इद्रीसच्या टेबलावर ठेवली आणि सफाचं सगळं सांगून आलो. त्याने किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि मान फिरवली. बरोबरच केलं. राहिली तुझी आई. मी तिला शुक्रवारच्या आत सांगणार आहे, पण मी स्वतःला ओळखतो, बोलताना ऐनवेळी खोकला काढीन. म्हणून हे तुला लिहिलंय. फॉर्म भर. शुक्रवारी फोन आईच उचलेल. माझी तब्येत विचारू नकोस, बाबांनी सांगितलं का एवढंच विचार. ती नाही म्हणाली, तर हे पत्र तिला पहिल्यापासून वाचून दाखव. मी फोनशेजारीच उभा असेन.

तुझाच,
बाबा